दारामागच्या पिशव्या

माणसाचा खर्च जाणून घ्यायचा असेल तर त्याला विचारू नये. सरळ त्याच्या स्वयंपाकघरात शिरावं आणि दारामागे बघावं. तिथं खिळ्याला एक मोठी पिशवी लटकत असते आणि तिच्या पोटात बाकी सगळ्या पिशव्या घडी करून कोंबलेल्या असतात. पट्टुसाडीचं म्हणजे रेशमी साड्यांचं दुकान, मिठाईवाला, औषधवाला, सोनार, सगळ्यांची नावं छापलेली. तोंडानं माणूस काय वाटेल ते सांगेल, पिशव्या खोटं बोलत नाहीत असं मी बारा वर्षं छातीठोकपणे सांगत आले. ते खोटं कसं ठरलं, तेच लिहायला बसले आहे.

मी इंदुमती. तंजावूरच्या एका खाजगी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा क्रेडिट कार्डाच्या टेबलावर. मधे पाच वर्षं पुण्याच्या शाखेत होते. तिथं मी तोंड उघडलं की लोक हसू दाबायचे. "मॅडम, तुम्ही एकदम जुन्या बखरीतल्यासारखं बोलता," असं एका कॅशियरनं मला कौतुकानं सांगितलं होतं. आमच्या घरात अडीचशे-तीनशे वर्षं तीच मराठी चालली आहे, तमिळ हेल आणि तमिळ भाजीपाला घालून. आता जी लिहिते आहे ती पुण्यात घासूनपुसून घेतलेली मराठी. तमिळ शाळेत शिकलेल्या माझ्या मुलाला हे वाचता येणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

तर कार्ड. बाहेरच्या माणसाला वाटतं की बँक रिवॉर्ड पॉइंट देते म्हणजे उदार होते. अहो, कसली उदार! तुम्ही कार्ड घासलंत की दुकानदाराकडून बँक थोडा वाटा कापून घेते, आणि त्यातला चिमूटभर तुमच्या हातावर ठेवते. तो चिमूटभर कुठं जास्त आणि कुठं कमी, एवढाच कार्डाकार्डांतला फरक. एक कार्ड पेट्रोलवर देतं, एक किराण्यावर देतं, एक विमान आणि हॉटेलांवर भरभरून देतं आणि बाकी ठिकाणी तोंड फिरवतं. सोनं घेतलंत तर बहुतेकांकडे शून्य, आणि आमच्या तंजावूरकडचा माणूस पैसा घालतो तो नेमका सोन्यात. मोगऱ्याच्या गजऱ्याला कार्ड चालत नाही, भाजीच्या टोपलीला चालत नाही, देवळाबाहेरच्या अर्चनेच्या ताटाला चालत नाही. उरतं काय? जे उरतं त्यावर पॉइंट.

म्हणून नियम एकच: पैसा आधीच जिकडे जातो आहे तिकडचं कार्ड घ्यावं. कार्डाच्या मागे आपण जाऊ नये. हे मी गिऱ्हाईकाला कळकळीनं सांगायची आणि लगेच सगळ्यात महागड्या कार्डाचा फॉर्म पुढे सरकवायची. टार्गेट त्याच कार्डाचं असायचं, काय करता!

फॉर्मात महिन्याच्या खर्चाचा रकाना असतो. लोक तिथं शेजाऱ्यानं लिहिलेला आकडा लिहितात. ओरत्तनाडकडचे एक मिरासदार टीव्हीएसच्या मोपेडवरून यायचे, लुंगी दुमडून. त्यांनी विमानतळावरच्या लाउंजचं कार्ड घेतलं, जावयाकडे होतं म्हणून. वर्षभर वापरलं नाही. मग एकदा जावयाला सोडायला तिरुच्चीच्या विमानतळावर गेले, तर तिकिटाशिवाय आत सोडेनात. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे. "मॅडम, नुसती कॉफी प्यायची होती हो. कॉफी प्यायला विमानात बसावं लागतं हे आधी सांगायचं!"

आणि आयुधपूजा! वर्षातून एकदा आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार करवतीला, रिक्षावाला रिक्षाला, डॉक्टर स्टेथोस्कोपला चंदन-कुंकू लावतो. आणि दसऱ्यानंतर बँक उघडली की माझ्या टेबलासमोर रांग लागायची, कार्ड चालत नाही म्हणून. चालेल कसं? चिपवर बोटभर चंदन थापलेलं, वर कुंकवाचा टिळा. चिप मी ओल्या कापडानं पुसून द्यायची. चंदन खरवडू लागले की गिऱ्हाईक कळवळायचं, "हळू हो मॅडम, पूजेचं आहे!" इतक्या भक्तीनं कार्ड सांभाळणारी माणसं मी पुण्यात पाहिली नाहीत. पुण्यात लोक आधी अटी वाचत.

आता मुख्य गोष्ट. तिरुवैयारूला अक्का राहतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना दोन वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकायला जात होते. दोन वर्षांनी त्यांनी आईला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, "पोर हुशार आहे, हिला गणितात घाल." त्यांचे थोरले भाऊ अण्णा, कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले. दोघांनीही लग्न केलं नाही. कावेरीच्या काठाला लागून छोटं कौलारू घर, सकाळ-संध्याकाळ पोरींचं सा-पा-सा, आणि ओसरीवर अण्णा पेपर वाचत बसलेले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बँकेनं नवं प्रवासाचं कार्ड काढलं होतं आणि आमच्या शाखेला त्याचं टार्गेट दिलं होतं. मी सहज अक्कांकडे गेले होते. सहज म्हणजे, फॉर्म पर्समध्ये होते. बोलता बोलता अण्णा म्हणाले, "इंदू, अमचा डबा भरला गे. एकदा तुळजापूरला जाऊन यायचं आहे."

डबा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यात घरी लग्न ठरलं, मूल झालं, कुणाला ताप आला, की हळदीत भिजवलेल्या फडक्यात एक नाणं बांधून देवीच्या नावानं ठेवतात. त्याला मुडिपु म्हणायचं. काम झालं की ते देवीला पोचतं करायचं. आता देवी राहिली तुळजापूरला आणि आम्ही राहिलो कावेरीकाठी. त्यामुळे मुडिपु बांधले जातात आणि डब्यात पडतात. अक्कांच्या घरचा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. त्याआधीचा एक डबा कुणी तरी पोचवला होता म्हणे. कुणी आणि कधी ते कुणालाच ठाऊक नाही. अण्णांनी झाकण उघडून दाखवलं. आत शंभरेक पिवळ्या गाठी होत्या, काही अगदी काळ्या पडलेल्या. "हा माझ्या टायफॉइडचा," अण्णा एक गाठ उचलून म्हणाले, "आणि हा अक्काच्या शाळेतल्या नोकरीचा. देवीनं सगळं केलं आणि अमी काही दिलं नाही. मी आहे तोवर हे फेडायचं."

मी काय केलं? म्हातारा माणूस मनातली रुखरुख बोलून दाखवतो आहे, आणि मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. दारामागे बघायला.

आणि काय पिशव्या हो! दुबईच्या विमानतळाच्या चॉकलेटांची पिशवी. सिंगापूरची. चेन्नईच्या मोठमोठ्या कापडवाल्यांच्या. मुंबईच्या मिठाईची. मी थक्कच झाले. म्हटलं, बघा, वरून साधी दिसतात माणसं. बाहेर येऊन मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अण्णा, तुमी विमानानं जा. फुकट. तुमच्या खर्चाला हे कार्ड म्हणजे अगदी माप घेऊन शिवलेलं आहे. पॉइंट साठवा, वर्षा-दीड वर्षात दोघांची पुण्याची तिकिटं."

"विमानानं?" अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं.

"फुकट," मी पुन्हा म्हणाले.

अण्णांच्या ठेवीवर कार्ड मंजूर करून घेतलं. ते आल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णा तिरुवैयारूहून बसनं यायचे, छत्री काखेत, इस्त्रीचा सदरा. माझ्यासमोर बसून हळू आवाजात विचारायचे, "काय गे, किती झाले?" फोनवर दिसतं हे मी त्यांना दाखवलं होतं. पण ते म्हणाले, तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं. पहिल्या महिन्यात अठरा पॉइंट झाले. एका तिकिटाला चाळीस हजार लागत होते. मी म्हणाले, "सुरुवात आहे अण्णा." सहाव्या महिन्यात दोनशे साठ. मी म्हणाले, "सणासुदीला वाढतील." ते मान हलवायचे आणि पिशवीतून डांगर पच्चडीची, म्हणजे उडदाच्या पिठाच्या कोशिंबिरीची, बाटली काढून टेबलावर ठेवायचे, अक्कांनी दिली म्हणून. ती मी दुपारच्या दहीभाताबरोबर खायची. तोंडाला चव होती, मनाला मात्र काही तरी खुपत होतं.

नवरात्रात अक्कांच्या कोलूला, म्हणजे बाहुल्यांची मांडणी बघायला, गेले. बाहुल्या पाहिल्या, हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, कर्नाटक संगीतातली एक कृती म्हणायचा प्रयत्न केला तो त्यांनी हसून थांबवला. निघताना अक्का हळदकुंकू द्यायला उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि नारळ, विडा, ब्लाउजपीस घालून पिशवी माझ्या हातात ठेवली. दुबईच्या चॉकलेटांची पिशवी.

मी तिथंच उभी राहिले. माझ्या मागे एक बाई होती, तिला सिंगापूर मिळालं. तिच्या मागच्या पोरीला मुंबईची मिठाई.

"अक्का," मी विचारलं, "ह्या पिशव्या कुठल्या हो?"

"शिष्यांच्या," अक्का म्हणाल्या. "मी फी घेत नाही, ठाऊक आहे ना तुला? मग इथल्या आराधनेच्या संगीत-उत्सवाला येतात तेव्हा काही तरी आणतात. कुठून कुठून येतात गे! मी पिशव्या ठेवते, हळदकुंकवाला होतात."

त्या घरात त्यांनी स्वतः विकत आणलेल्या वस्तू ठेवायची पिशवी एकच होती. एका जुन्या लग्नातली पिवळी कापडी, धुऊन धुऊन अक्षरं गेलेली, ओसरीवर अण्णांच्या छत्रीशेजारी टांगलेली. तिच्यात शेवग्याच्या शेंगा होत्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. हाच तो खर्च. ह्या खर्चाला मी जगभर फिरणाऱ्या माणसाचं कार्ड दिलं होतं. कर्म माझं!

तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं अण्णा, हे कार्ड बंद करा, असं. एका वाक्याचं काम होतं. पण मार्चअखेरचा हिशेब डोळ्यांपुढे होता, प्रवासाच्या कार्डात आमच्या शाखेचा विभागात दुसरा नंबर लागायची शक्यता होती, आणि बंद झालेलं कार्ड टार्गेटातून वजा होतं. शिवाय इतक्या वर्षांची माझी पिशव्यांची विद्या! ती मी नव्या पोरांना शिकवत होते. मी गप्प बसले. पुढल्या महिन्यात अण्णा आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "मोठ्या दुकानात दहापट पॉइंटांची योजना येते आहे. थांबा थोडं."

अण्णा थांबले. आणि योजना आली तेव्हा, जन्मात कधी गरजेबाहेर पैसा न काढलेला तो माणूस तंजावूरच्या मोठ्या दुकानात गेला आणि चाकांची निळी सूटकेस घेऊन आला. तशीच ओढत माझ्या टेबलापर्यंत. "प्रवासाला लागेलच," म्हणाले, "आणि पॉइंटही मिळाले. किती झाले?" पाऊण तिकीटसुद्धा नव्हे, तिकिटाचा शंभरावा भागही नीट झाला नव्हता. माझा नियम मीच मोडून घेतला होता त्यांच्याकडून. ते सूटकेसच्या दांड्याला हात लावून उभे होते, एवढे खूश, की मी म्हणाले, "छान झाले अण्णा."

अशी दोन वर्षं गेली. आमच्या शाखेला दुसरा नंबर मिळाला. मला विभागाच्या कार्यक्रमात शाल दिली, आणि बक्षीस काय? देशात कुठंही जायला-यायला दोन विमान तिकिटांचं व्हाउचर. मी व्यासपीठावर हसत उभी असलेला फोटो आहे माझ्याकडे. बघवत नाही.

पंगुनी महिन्यात, फाल्गुनाच्या सुमाराला, अण्णा गेले. सकाळी पेपर वाचताना, ओसरीवरच. तेराव्यानंतर अक्का कागदपत्रं घेऊन बँकेत आल्या. ठेव त्यांच्या नावावर करायची होती आणि कार्ड बंद करायचं होतं. कार्ड बंद करायचं काम माझं. स्क्रीनवर लिहून येतं, धारकाच्या मृत्यूनंतर पॉइंट बाद होतात, ते वारसाला मिळत नाहीत. नऊशे बारा पॉइंट होते. मी बटण दाबलं आणि ते शून्य झाले.

मग मला राहवलं नाही. मी अक्कांना मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. पिशव्या, टार्गेट, नवरात्रात कळलं तरी गप्प बसले ते. रडू येत होतं, मी ते आवरलं नाही. शेवटी व्हाउचर पुढे केलं. "अक्का, ही दोन तिकिटं आहेत. आपण दोघी जाऊ. विमानानं."

अक्कांनी व्हाउचर हातात घेऊन वाचलं, दोन्ही बाजूंनी, आणि टेबलावर ठेवलं. "मुडिपु दुसऱ्याच्या खर्चानं पोचत नाही इंदू," त्या म्हणाल्या. "आणि अमाला विमान कशाला? अण्णानं सगळी चौकशी करून ठेवली होती. रात्रीच्या गाडीनं चेन्नई, तिथून दुसरी गाडी सोलापूर. सोलापूरहून तासाभराची बस. पैसे लोखंडी पेटीत वेगळे ठेवले होते, पाकिटावर तुळजापूर लिहून. तू आलीस त्याच्या पुढल्या आठवड्यात तिकीट काढणार होता."

विमान पुण्याला उतरतं. पुण्याहून तुळजापूर मोटारीनं पाच-सहा तास. हे मला ठाऊक होतं, मी तिथं पाच वर्षं राहिले होते.

"मग तुमी गेला का नाहीत?"

"मी म्हटलं त्याला, जाऊया. तर म्हणाला, बँकेतली इंदू सांगते आहे, तर आता जायची पद्धत तशी असेल. आणि फुकट जाऊन आलो तर पेटीतले पैसेही देवीला देता येतील." अक्कांनी पदरानं चष्मा पुसला. "मी रागावले आहे तुझ्यावर. खूप रागावले आहे. ते राहील. पण माझे गुडघे आता एकट्यानं जायच्या कामाचे नाहीत. तू येशील, तुझं तिकीट तू काढून?"

मी रजा टाकली. व्हाउचर ड्रॉवरमध्ये पडून बाद झालं. चेन्नईहून सोलापूरला जाताना अक्का खिडकीशी बसून होत्या. डबा निळ्या सूटकेसमध्ये, आणि सूटकेस दोन्ही पायांच्या मधे. सोलापूरच्या प्लॅटफॉर्मवर ती मी ओढली. चाकं फार छान चालत होती. स्टेशनवर चहावाल्यानं विचारलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?" अक्का आमच्या मराठीत म्हणाल्या, "अमी तंजावूरचे. देवीला जाऊन यायचं राहिलं होतं." तो म्हणाला, "किती वर्षं झाली येऊन?" अक्कांनी बोटांवर पिढ्या मोजायला घेतल्या.

तुळजापूरला पुजाऱ्यांना डबा दाखवला. त्यांना मुडिपु ठाऊक नव्हते, पण समजावल्यावर लगेच समजले. देवीपुढे डबा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि म्हणाले, आता दानपेटीत घाला. अक्का घाबरल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ह्यातली निम्मी नाणी आता चालत नाहीत गे. तिला चालतील ना?" मी आयुष्यभर मुदती सांगितलेली बाई. मी पुजाऱ्यांना विचारलं. ते हसले आणि मागच्या रांगेकडे हात दाखवून म्हणाले, "घाला हो मावशी, लोक उभे आहेत."

अक्का एकेक गाठ आत सोडू लागल्या. प्रत्येकीचं नाव घेऊन. "अण्णाचा टायफॉइड. माझी नोकरी. आईचं बाळंतपण." निम्म्याहून अधिक गाठींची नावं त्यांनाही माहीत नव्हती, त्या नुसत्याच टाकल्या. मागचे लोक आधी कुरकुरले, मग पुढे वाकून बघू लागले. डबा रिकामा झाला. मग त्यांनी कमरेची चंची सोडली आणि आणखी एक मुडिपु काढला. नवा, हळद अजून पिवळीधमक.

"हा तू टाक," त्या म्हणाल्या.

"हा कशाचा अक्का?"

"कार्डाचा. तू फॉर्म भरून नेलास त्या दिवशी अण्णानं बांधला. म्हणाला, म्हाताऱ्याला बँक कार्ड देते की नाही कोण जाणे. मंजूर झालं तर देवीला एक रुपया."

बारा वर्षांत मी कितीतरी कार्डं मंजूर करून घेतली. नवस त्या एकाच कार्डासाठी बोलला गेला होता. मी ती गाठ कपाळाला लावली आणि पेटीत टाकली, आणि अक्कांचा हात धरून बाहेर आले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.